नडगीनं केली चुगली

'नडगी' हा शब्द मी आयुष्यात फार तर दोनदा वापरला असेन. एकदा शाळेत, खो-खोच्या मॅचमध्ये कुणाचा तरी बूट लागला तेव्हा. आणि दुसऱ्यांदा गेल्या ऑक्टोबरमध्ये, सकाळी सहाच्या सुमाराला, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून.

"काय झालं गं?" ग्रुपमधल्या काकांनी थांबून विचारलं.

"काका, नडगी."

"कुठली?"

"डावी. म्हणजे, दोन्ही. पण डावी जास्त."

काका रिटायर्ड बँकवाले. पाच-सहा हाफ मॅरेथॉन खिशात. त्यांनी माझ्या पायाकडे नव्हे, थेट बुटांकडे पाहिलं आणि निकाल दिला, "शूज बदल."

इथून सुरू झाला एक अडीच महिन्यांचा तपास. मी पत्रकार. चार लोकांना फोन करून, दोन कागद चाळून गोष्टीच्या मुळाशी जायचं, हा आपला पोटापाण्याचा धंदा. स्वतःच्या नडगीच्या मुळाशी जायला मात्र मला अख्खा हिवाळा लागला. आणि सापडलेला गुन्हेगार असा निघाला, की तो संशयितांच्या यादीत कधी नव्हताच.

संशयित नं. १ : शूज

आधी थोडा फ्लॅशबॅक. रनिंग मी जूनमध्ये सुरू केलं, तेही कुठल्या उदात्त हेतूनं नाही. डिसेंबरात जिवलग मैत्रिणीचं लग्न होतं, लेहंगा शिवायला टाकायचा होता आणि लॅपटॉपसमोर बसून बसून माझा आकार लॅपटॉप बॅगेसारखा झाला होता. आधी चालले, मग एक चक्कर पळाले, मग दोन. मग तो किडा चावलाच. ऑगस्टमध्ये एका संस्थेच्या चॅरिटी कोट्यातून मुंबई मॅरेथॉनच्या हाफचा नंबर मिळाला. २१.०९७ किलोमीटर! दर जानेवारीत मुंबईकर ज्या पळापळीची चर्चा करतात, त्यात आपणही. जाम भारी वाटत होतं.

वजनही धडाधड उतरत होतं. चार महिन्यांत सात किलो. भेटेल तो विचारायचा, "काय गं, काय करतेस?" आई तर फोनवर मावशीला सांगायची, "आता फोटो पाठवायला हरकत नाही." फोटो म्हणजे कसला, ते तुम्हाला कळलंच असेल.

तर, शूज. काकांचं ऐकून मी नऊ हजार रुपये मोजले. (फ्रीलान्सरला नऊ हजार म्हणजे काय, ते फ्रीलान्सरलाच विचारा.) शोरूममधल्या मुलानं मला ट्रेडमिलवर पळवलं, व्हिडिओ दाखवला आणि "मॅडम, तुमचा पाय आत वळतो," असं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. नवे शूज घातले आणि आठवडाभर सगळं छान. मग एका सकाळी तिसऱ्या किलोमीटरला तीच दुखरी रेघ. घोट्याच्या वर चार बोटांपासून थेट अर्ध्या नडगीपर्यंत, हाडाच्या आतल्या कडेनं.

नंतर मला कळलं, की रनिंग शूज साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर चालतात. माझे जुने शूज तोवर जेमतेम तीनशे पळाले होते. म्हणजे बिचाऱ्यांवर नाहक आळ आला होता.

संशयित नं. २ : रस्ता

पुढची थिअरी ग्रुपमधल्या आयटीवाल्याची. "काँक्रीटवर पळतेस ना? वाट लागणारच. मातीत पळ."

मग मी पार्कच्या बाहेरचा फूटपाथ सोडून आत मैदानात उतरले. बॅट्समन, बॉलर, सकाळचे लाफ्टर क्लबवाले आणि चेंडू शोधणारी पोरं यांच्यातून वाट काढत पळायला लागले. मातीत जरा बरं वाटलं. पण 'जरा बरं' आणि 'बरं' यांत फरक असतो. शिवाय माझ्या शेजारून फूटपाथवर रोज धावणारे साठीचे आजोबा कसे ठणठणीत होते? त्यांच्यासाठी काँक्रीट वेगळं होतं की काय?

हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला, पण मी तो गिळला. हाफ जवळ येत होती.

संशयित नं. ३ : मी

नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिना उतरताना दुखायला लागलं, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं आधी माझा पाय पाहिलाच नाही. म्हणाली, "तुझं अ‍ॅप उघड. गेल्या दोन महिन्यांचं रनिंग दाखव."

आकडे तिथेच होते, रोज माझ्या खिशात. सप्टेंबरच्या सुरुवातीला आठवड्याला १२ किलोमीटर. पाच आठवड्यांनी ३४. जवळपास तिप्पट!

"अगं, हाफचा प्लॅन होता तो," मी म्हटलं.

"कुणाचा प्लॅन?"

"…इंटरनेटवरचा."

मग तिनं मला हाडाचा फंडा समजावला. आपल्याला वाटतं हाड म्हणजे दगड. प्रत्यक्षात ते सतत तुटत आणि बांधलं जात असतं. पळताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर जमिनीकडून पायावर येतो. माझ्या वेगानं दहा किलोमीटर म्हणजे अकरा हजारांच्या वर पावलं, एकेका पायाला साडेपाच हजार दणके. या दणक्यांमुळे हाड मजबूत होतं, हे खरंच आहे. ज्यूलियस वूल्फ नावाच्या जर्मन सर्जननं १८९२ मध्येच मांडून ठेवलंय, की हाड त्याच्यावरच्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. पण त्यात एक गोम आहे. नवा भार आला, की हाड आधी जुना भाग पोखरतं आणि मग नवा भरतं. पोखरायला लागतात तीन-एक आठवडे, भरायला तीन-एक महिने.

"आपल्याकडे रस्त्याचं काम कसं चालतं?" ती म्हणाली. "खोदतात झटपट, बुजवायला लागतो वेळ. आणि तू खोदलेल्या रस्त्यावरून ट्रक नेतेयस. रोज एक जास्त."

मुंबईकराला याहून चांगलं उदाहरण देता येईल?

मग तिनं पाय तपासला. अंगठ्यानं हाडाची आतली कड दाबत दाबत खालून वर गेली. पाच सेंटिमीटरहून लांब पट्टा दुखत होता, एकच जागा नव्हे. ही 'शिन स्प्लिंट्स'ची खूण. तिनं बजावून सांगितलं, की नडगीच्या दुखण्यात तीन भाऊ असतात आणि चेहरे सारखे असले तरी स्वभाव वेगळे. पहिला हा, पसरट दुखणारा. दुसरा, स्ट्रेस फ्रॅक्चर. तो एका बोटानं दाखवता येतो, नाण्याएवढ्या जागेत, आणि वाढला की रात्री झोपेतही ठणकतो. तिसरा, स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढण्याचा. पळायला लागल्यावर ठरावीक वेळानं पोटरी दगडासारखी घट्ट होते, कधी पाऊल बधिर होतं आणि थांबलं की थोड्या वेळात सगळं ओके.

"तुझा पहिला भाऊ आहे," ती म्हणाली. "पण लक्ष ठेव. पहिल्याचा दुसरा होऊ शकतो."

दोन आठवडे पळणं बंद. पोटऱ्यांचे व्यायाम, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवूनही. पळायला परत लागल्यावर लांब ढांगा टाकायच्या नाहीत. छोटी आणि भरभर पावलं टाकायची. मिनिटाला १५८ पडतात, ती १६८ पर्यंत न्यायची. मी शहाण्या मुलीसारखं सगळं केलं. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा पळाले, तेही अगदी बेतानं, आठवड्याला फक्त दहा किलोमीटर.

केस क्लोज्ड, असं मला वाटलं.

आणि मग ती रात्र

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री तीन वाजता मला जाग आली. डावी नडगी ठणकत होती. दिवा लावला आणि पाय दाबून पाहिला. लांब पट्टा गायब होता. आता एकच जागा होती. रुपयाच्या नाण्याएवढी.

दुसरा भाऊ आला होता.

सकाळी उठून एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, "काही नाहीये," म्हणाले आणि वर हसून, "एवढं पळायचं कशाला? चालत जा की." वेदनाशामक गोळ्या घेऊन मी बाहेर आले. खरं सांगू? मला आनंद झाला. एक्स-रे नॉर्मल म्हणजे मी पळू शकते!

नशीब, मी ती बातमी फिजिओला कळवली. ती फोनवर अक्षरशः ओरडली, "सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेत हे दिसतच नाही बऱ्याचदा! एकही पाऊल पळू नकोस." आणि तिनं मला स्पोर्ट्स मेडिसिनच्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

या बाईंनी शूज विचारले नाहीत, रस्ता विचारला नाही. फाइल चाळली आणि एकदम म्हणाल्या, "तू अगदी बेतानं परत सुरू केलंस. दहा किलोमीटरला हे व्हायला नको होतं. पाळी कधी आली होती शेवटची?"

मी गप्प.

तुम्ही म्हणाल, नडगीचा आणि पाळीचा काय संबंध? मलाही तेच म्हणायचं होतं. पण मी मनात महिने मोजत होते. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर… गणपतीत आली होती. म्हणजे तीन महिन्यांच्या वर. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की मला ते माहीत होतं. माहीत होतं आणि बरं वाटत होतं. लाँग रनच्या दिवशी कटकट नाही, असाइनमेंटच्या दिवशी पोटदुखी नाही. एक झंझट कमी! पळणाऱ्या मुलींचं असं होतंच, असं कुठंतरी वाचलंही होतं.

"होतं ना," डॉक्टर म्हणाल्या, "पण व्हायला नको असतं. दिवसभरात काय खातेस?"

मी यादी सांगितली. सकाळी ब्लॅक कॉफी आणि उपाशीपोटी रन. दहाला एक सफरचंद. दुपारी सॅलड, किंवा इंटरव्ह्यूच्या गडबडीत तेही नाही. संध्याकाळी ग्रीन टी. रात्री एक भाकरी आणि भाजी, भात पूर्ण बंद. रविवारी रन झाल्यावर अख्खा ग्रुप 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूषवर तुटून पडायचा, तेव्हा मी समोर पाण्याचा ग्लास घेऊन बसायचे. "माझं डाएट आहे." सगळे कौतुकानं बघायचे. मलाही माझं सॉलिड कौतुक वाटायचं.

सांगता सांगता मला स्वतःलाच ऐकू यायला लागलं.

खरा गुन्हेगार

प्रेग्नन्सी टेस्ट झाली (आधी तीच करतात, दचकू नका), थायरॉइड झाला, बाकीची हार्मोन्स झाली. एमआरआयमध्ये डाव्या नडगीच्या हाडात सूज दिसली. 'स्ट्रेस रिअ‍ॅक्शन'. तडा अजून गेलेला नव्हता, पण हाड त्याच वाटेवर होतं. 'ड' जीवनसत्त्व २० च्या खाली गेलं तर कमी मानतात. माझं आलं ११.

डॉक्टरांनी कागदावर साधं गणित मांडलं. जे खातेस, त्यातून पळण्यात जातं ते वजा कर. उरेल त्यात बाकीचं शरीर चालवायचं. हृदय, मेंदू, उष्णता, केस, हाडं, पाळी. उरलेलं फारच कमी पडलं, की शरीर एखाद्या तंगीतल्या घरासारखं वागतं. आधी चैनीच्या गोष्टी बंद. मूल होण्याची सोय ही शरीराच्या लेखी चैन. म्हणून पाळी थांबते, इस्ट्रोजेन घसरतं, आणि हे इस्ट्रोजेनच हाडाचं पोखरणं आटोक्यात ठेवत असतं. ते गेलं, की खोदकाम चालू आणि भरणारा काँट्रॅक्टर गायब.

या प्रकाराला नावही आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये ते दिलं, 'रेड-एस', म्हणजे खेळताना शरीराला ऊर्जा अपुरी पडणं. पुरुषांनाही होतं बरं का. त्यांना पाळीची घंटा नसते, म्हणून लक्षात यायला आणखी उशीर होतो.

"पण मी काही ऑलिम्पिकला चालले नाहीये," मी म्हटलं. "आणि मी काही काडीसारखी बारीकही दिसत नाही."

"दिसण्याचा संबंध नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू अठ्ठावीसची. हाडांची फिक्स्ड डिपॉझिट्स तिशीच्या आसपासपर्यंतच भरता येतात. पुढचं आयुष्य त्या व्याजावर. तू आत्ताच मोडायला काढलीस."

आईचं मनगट

मी घरी आले. आई गॅसपाशी होती. तिचं उजवं मनगट अजून पूर्ण वळत नाही. त्याच्या आदल्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली होती. साधंच पडणं, पण मनगट मोडलं. तेव्हा हाडांची डेक्सा स्कॅन केली होती आणि रिपोर्टमध्ये हाडं वयाच्या मानानं फारच विरळ निघाली होती. आम्ही सगळ्यांनी 'वय झालं' म्हणून तो कागद कपाटात टाकला. आई तेव्हा सत्तावन्नची.

मी तिला सगळं सांगितलं. पाळीचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं, तू छान बारीक होतेयस."

"मलाही."

"आणि मी मावशीला फोटो…" तिनं वाक्य सोडून दिलं. गॅस बारीक केला. "आमच्या घरी तू जन्मायच्या आधी अकरा माणसं. मी शेवटी बसायचे. जे उरेल ते. कधी आमटी उरायची, कधी नुसता भात. दूध तर पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं. मला कुणी उपाशी ठेवलं नाही गं. पण कुणी विचारलंही नाही."

मी तिच्या मनगटाकडे बघत राहिले. तिला पंचवीस वर्षं ताटात जे मिळालं नाही, ते मी हौसेनं, फोनमध्ये अ‍ॅप टाकून, कॅलरी मोजून ताटातून काढत होते. तिच्यावर घरानं लादलं होतं. माझ्यावर कुणी लादलं? लेहंग्यानं? फोटोनं? "काय गं, काय करतेस?" विचारणाऱ्यांनी? या संशयितांची नावं अजून माझ्या डायरीत आहेत. कुणा एकावर आरोपपत्र ठेवता येत नाही, हे मात्र खरं.

त्या रात्री आम्ही दोघी एकदमच जेवायला बसलो. भात होता.

आणि हाफ?

नाही पळाले. आठ आठवडे पळणं पूर्ण बंद होतं. मैत्रिणीच्या लग्नात लेहंगा घातला, पण वरातीत नाचले नाही. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पेडर रोडच्या चढावर उभी राहून संत्र्याच्या फोडी वाटल्या. काका धापा टाकत आले, दोन फोडी उचलल्या आणि ओरडले, "शूज बदललेस की नाही?" मी हसले. डोळ्यांत पाणी आलं ते संत्र्याच्या सालीमुळे, असं मी शेजारच्या बाईंना सांगितलं.

फेब्रुवारीत एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं बिगरीपासून सुरू केलं. आता रनच्या आधी केळं आणि नंतर पोटभर नाश्ता. डॉक्टरांनी दिलेल्या 'ड' जीवनसत्त्वाच्या पुड्या. तीन किलो वजन परत आलं. पहिल्या किलोला मी रडले, खोटं कशाला बोलू. आरशासमोर पोट आत ओढून उभी राहिले आणि अ‍ॅप पुन्हा डाउनलोड करायला निघाले होते. नाही केलं. पण बोट तिथवर गेलं होतं, हे तुम्हाला सांगायला हवं.

मार्चमध्ये एका मंगळवारी, भर इंटरव्ह्यूत, पोटात ओळखीची कळ आली. समोरचे गृहस्थ गृहकर्जाच्या व्याजदरांवर बोलत होते आणि मी इतकी खुश दिसत होते, की त्यांना वाटलं असणार विषय फारच रंगलाय.

बाहेर पडल्या पडल्या आईला फोन केला. ती म्हणाली, "आली? बरं झालं बाई." मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. "ऐक, मी पण त्या डॉक्टरबाईंची अपॉइंटमेंट घेतलीय. माझा तो कपाटातला कागद घेऊन जाऊ म्हणते."

पुढच्या रविवारी पाच किलोमीटर पळाले, न दुखता. मग 'प्रकाश'. वेटरनं सवयीनं माझ्यापुढे फक्त पाण्याचा ग्लास ठेवला.

"एक साबुदाणा वडा," मी म्हटलं. "आणि पियूष. फुल."

नडगी दुखतेय? मग हे बघा

• दुखणं पसरट आहे की एका बोटानं दाखवता येतंय? एकाच जागी असेल, किंवा रात्री आणि बसल्या जागीही ठणकत असेल, तर पळणं लगेच थांबवा आणि डॉक्टर गाठा.

• एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड नॉर्मल, असं सुरुवातीला धरून चालू नका. दुखणं टिकलं तर एमआरआयबद्दल विचारा.

• गेल्या सहा-आठ आठवड्यांत किती किलोमीटर वाढवले, ते लिहून काढा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

• वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. दुखणं ही घंटा आहे. घंटेत बोळा कोंबून आग विझत नाही.

• तीन महिने पाळी आली नसेल, तर ती 'फिटनेसची खूण' नाही. डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.